पाण्याची वही

वयाचें सदुसष्टावें वर्ष उलटल्यावर परक्या खंडांतील ओसाड माळावर कापडी राहुटींत निजण्याचा योग आमच्या पत्रिकेंत आहे, असें आजवर कोणाहि ज्योतिष्यानें आम्हांस सांगितलें नव्हतें. चौतीस वर्षें आम्हीं सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यांत काढलीं. प्रवास म्हणजे तपासणीचा दौरा व मुक्काम म्हणजे डाकबंगला, एवढीच आमची समजूत. परंतु थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियांत अॅडिलेड शहरीं स्थायिक झाले आहेत. गेल्या वर्षीं सौभाग्यवतींसह आम्ही त्यांच्याकडे चार महिने राहावयास गेलों, तेव्हां तेथील शाळांच्या जुलैमधील सुटींत सहकुटुंब ‘आउटबॅक’ पाहावयास जाण्याचा बेत त्यांनीं आम्हांस न विचारतांच पक्का करून टाकला होता. समुद्रकिनाऱ्यापासून दूर, खंडाच्या पोटांत पसरलेल्या निर्जन प्रदेशास तिकडे हें नांव आहे. “तुम्हांला झेपेल का हो?” एवढेंच सौभाग्यवतींनीं विचारलें, आणि तो प्रश्न झोंबल्यामुळें आम्हीं तत्काळ होकार दिला.

अॅडिलेडहून उत्तरेस सुमारें चारशें किलोमीटरवर हॉकर गांव, तेथून मॅरी, आणि मॅरीपासून मार्ला नांवाच्या ठिकाणापर्यंत सुमारें ६२० किलोमीटर लांबीचा ऊडनाडाट्याचा कच्चा रस्ता, असा आमचा मार्ग होता. या रस्त्यावर वस्ती म्हणण्याजोगीं ठिकाणें दोनच, विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा. त्यांतहि पहिल्या ठिकाणचीं सगळीं माणसें मोजलीं तर जुन्या वाड्यांतील एका मोठ्या बिऱ्हाडाएवढीं भरतील. वर्षाचा पाऊस दीडशें मिलिमीटरांच्या आसपास. आमच्या आंबोलीस तेवढा एखाद्या दिवसांत पडून जातो. ऊडनाडाट्यास १९६० सालच्या जानेवारींत ५०.७ अंश उष्णता मोजली गेली आहे. म्हणून शहाणीं माणसें तिकडे जातात तीं हिंवाळ्यांत, आणि त्या उलट्या गोलार्धांतील हिंवाळा म्हणजे आपला आषाढ.

आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, अकरा वर्षांची नात व सहा वर्षांचा नातू, अशीं सहा माणसें एका दणकट मोटारींत बसलों. टपावर दोन जादा चाकें, मागें राहुट्या, शेगडी आणि शिधा. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गुळपापडीच्या वड्या व राजगिऱ्याचे लाडू सौभाग्यवतींनीं इतके घेतले होते कीं, सूनबाईंनीं एक पिशवी हळूच परत घरांत नेऊन ठेवली. परंतु सर्वांत मानाची जागा होती ती पाण्याच्या सहा डब्यांची. प्रत्येक डबा वीस लिटरचा. हॉकर येथें ते काठोकाठ भरून घेतल्यावर चिरंजीवांनीं सर्वांस उभें करून नियम सांगितला. पिण्यास व रांधण्यास मिळून दिवसास एक डबा. पांच दिवसांचा रस्ता, म्हणून पांच डबे. सहावा डबा राखीव. त्यास हात लावावयाचा नाहीं. वाटेंत कोणी पाणी देईल या भरंवशावर राहावयाचें नाहीं, कारण तेथील माणसांसहि तें जपूनच वापरावें लागतें. भांडीं कागदानें पुसावयाचीं, आणि अंग ओल्या पंचानें. उन्हाळा असता तर याच्या दुप्पट-तिप्पट पाणी लागलें असतें.

“आणि मोटार कुठं अडकलीच,” ते पुढें म्हणाले, “तर मोटार सोडून कुणीहि चालत निघायचं नाही.” १९९८ च्या डिसेंबरांत ऑस्ट्रिया देशाहून आलेलें एक जोडपें याच भागांतील सरोवराच्या कांठीं वाळूंत अडकलें. पुरुष मोटारीपाशीं राहिला व वांचला. तरुणी मदत आणण्यासाठीं विल्यम क्रीककडे पायीं निघाली व वाटेंतच गतप्राण झाली. ही हकीकत ऐकतांना नातवानें आजीचा पदर घट्ट धरला होता.

पाण्याचा हिशेब ठेवण्याचें काम नातीकडे आलें. तिला आम्ही लाडानें ठकी म्हणतों. चाळीस पानी वहींत रकाने आम्हींच आंखून दिले: तारीख, डब्याचा क्रमांक, खर्च, शिल्लक, शेरा. जमाखर्चाचा मेळ रोजच्या रोज घालावा, उद्यांवर ढकलूं नये, हेंहि आम्हींच तिला बजावलें. या उपदेशाची आठवण वाचकांनीं पुढें ठेवावी.

मॅरीचें नांव ऐकून आमच्या मनांत कांहींच उमटलें नव्हतें. परंतु गांवांत शिरतांच खजुरीचीं झाडें व माती-गवताची एक लहानशी मशीद दिसली. मूळ मशीद केव्हांच पडली. ही तिची प्रतिकृति आहे. ती बांधणारे उंटवाले बलुचिस्तान, पेशावर, सिंध या बाजूंचे. तिकडे त्या सर्वांस सरसकट ‘अफगाण’ म्हणत. १८६० सालीं बर्क व विल्स यांची मोहीम मेलबर्नहून खंड ओलांडावयास निघाली, तेव्हां तिच्यासाठीं २४ उंट करांची बंदरांतून बोटीनें आणले होते. त्या काळीं सिंध प्रांत मुंबई इलाख्यांत मोडत असे; म्हणजे या वाळवंटांतील पहिली मोठी वाहतूक आमच्याच इलाख्यांतून गेली म्हणावयाची! उंटांबरोबर गेलेल्या माणसांत सामला नांवाचा एक हिंदूहि होता. आहाराचा नेम मोडवेना म्हणून तो आरंभींच परत फिरला. ही हकीकत वाचून आमची मान उगाचच ताठ झाली. त्या ताठ मानेचा पुढील प्रकाराशीं संबंध आहे.

रस्त्याच्या कडेनें जुन्या रेल्वेचे अवशेष सारखे सोबत करतात: छप्पर उडालेलीं दगडी स्टेशनें, गंजलेल्या टांक्या, वाळूंत रुतलेलीं लांकडें. ही रेल्वे १८९१ मध्यें ऊडनाडाट्यास व १९२९ मध्यें अॅलिस स्प्रिंग्ज येथें पोंचली. पुरांनीं तिचे रूळ पुन्हां पुन्हां वाहून जात, म्हणून पश्चिमेस नवा मार्ग बांधून १९८० मध्यें ही वाट सोडून दिली. ती मुळांत या वांकड्या वाटेनें कां गेली, याचें उत्तर पाणी. तिच्या आधीं १८७२ सालीं पुरी झालेली तार याच वाटेनें गेली, आणि तारेच्या आधीं जॉन मॅकडुअल स्टुअर्ट हा प्रवासी याच झऱ्यांच्या आधारानें उत्तरेकडे सरकत १८६२ मध्यें पलीकडच्या समुद्रास पोंचला. त्याच्याहि आधीं हजारों वर्षें अरबाना लोक हीच वाट चालत आले होते. झरे त्यांस कोणी दाखवावे लागले नाहींत.

हे झरे आम्हीं दुसऱ्या दिवशीं पाहिले. सपाट, पांढरट माळावर वारुळासारखा एक उंचवटा. त्याच्या माथ्यावर गोल कुंड, आणि कुंडाच्या तळांतून वाळू उसळवीत वर येणारे बुडबुडे. कढईंत आमटी रटरटावी तशी ती वाळू हलत असते. ऑस्ट्रेलियाच्या भूमीखालीं सुमारें १७ लक्ष चौरस किलोमीटर पसरलेला जलसांठा आहे. पूर्वेकडील डोंगरांत पडलेला पाऊस खडकांतून झिरपत पश्चिमेकडे सरकतो. येथें वर येणारें कांहीं पाणी दहा लक्ष वर्षांहून अधिक जुनें आहे असें शास्त्रज्ञ सांगतात. ठकीनें वहींत लिहिलें: “झरा. आपल्या हिशेबांत नाही.”

जवळच कॉवर्ड स्प्रिंग्ज येथें भूगर्भांतील कोमट पाण्याचें कुंड आहे. तेथें आम्ही मनसोक्त डुंबलों. परंतु तें आमचें त्या प्रवासांतील पहिलें स्नान नव्हतें, आणि ही गोष्ट त्या वेळीं आमच्याखेरीज कोणासहि ठाऊक नव्हती.

आमच्या लहानपणीं वाड्यांत पहाटे चारला बंब पेटत असे. आठव्या वर्षीं मुंज झाली तेव्हांपासून, दोन दुखण्यांचे दिवस वगळतां, पारोशानें आम्हीं अन्नास स्पर्श केलेला नाहीं. यांत धर्मबुद्धि किती व संवय किती याचा तपास आम्हीं कधीं केला नाहीं. “आपत्काळीं मंत्रस्नान चालतं, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत आलांत,” असें सौभाग्यवती पहिल्याच संध्याकाळीं म्हणाल्या होत्या, आणि आम्हीं मानहि डोलावली होती. परंतु दुसऱ्या दिवशीं पहाटे, मॅरीच्या पुढील माळावर सर्व मंडळी गाढ निजली असतां, आम्हीं मोटारीमागें जाऊन सहाव्या डब्याचें झांकण उघडलें, लहान बादलींत सहा लिटर पाणी घेतलें आणि पांच अंशांच्या थंडींत दांतांवर दांत ठेवून स्नान उरकलें. राखीव डबाच निवडण्यांत आमची हुशारी होती. रोजच्या डब्यांतून घेतलें असतें तर ठकीच्या वहींत तूट निघाली असती. राखीव डबा मार्ल्यापर्यंत उघडणार नव्हता, आणि तेथें आम्ही तो गुपचूप भरून ठेवणार होतों. चौतीस वर्षें ज्या युक्तीबद्दल आम्हीं कारकुनांस कानपिचक्या दिल्या, तीच युक्ति, तेंच समर्थन!

तिसऱ्या दिवशीं विल्यम क्रीक मागें टाकलें. सभोंवारचें अॅना क्रीक नांवाचें गुरांचें कुरण जगांत सर्वांत मोठें गणलें जातें. त्याचा विस्तार जवळजवळ आपल्या पुणें जिल्ह्याएवढा आहे, आणि दिवसभरांत आम्हांस दिसल्या त्या चार गाई. पुढें एका पडक्या स्टेशनाजवळ राहुट्या ठोकल्या. ती जागा मुलांस इतकी आवडली कीं, तेथें दोन रात्री काढल्या. दोन पहाटेंस आणखी दोन स्नानें झालीं. पहाटे चंद्र मावळल्यावर आग्नेयेस अगस्त्य चांगला वर आलेला असे. पुण्याहून तो दक्षिणेच्या क्षितिजावर फार वर चढत नाहीं. येथें त्याचें तेज पाहून अर्घ्य देतांना आम्हांस मोठी धन्यता वाटली, हें कबूल केलें पाहिजे.

पांचव्या दिवशीं आषाढी एकादशी. राहुट्या आवरावयास घेतल्या तों पश्चिमेकडून ढग आले. पाऊस पडला तो दोन तास, आणि तोहि असा कीं, कोंकणांत त्यासाठीं कोणी छत्री उघडली नसती. परंतु ती तांबडी माती भिजल्याबरोबर लोण्यासारखी झाली. मोटार शंभर पावलें गेली, बाजूस घसरली, आणि चाकांस चिखलाचे गोळे लागून जागच्या जागीं उभी राहिली. उपग्रहावरून चालणाऱ्या दूरध्वनीवर चिरंजीव बोलले. दोन्हीं बाजूंचा रस्ता बंद केला होता. माती वाळेपर्यंत हलूं नका, दोन दिवस लागतील, कदाचित् अधिकहि, असें उत्तर आलें.

“हरकत नाही,” चिरंजीव हंसत म्हणाले, “अजून जवळजवळ दोन डबे आहेत.” आणि त्यांनीं सहावा डबा उचलला. भरलेला समजून जोर लावल्यामुळें तो एकदम वर आला आणि ते मागें तोल जाऊन पडतां पडतां राहिले.

आंत दोन लिटर पाणी होतें.

“ठके, हा तू भरला होतास ना?”

“हो. काठोकाठ.”

“मग झाकण सैल राहिलं असेल. एवढी एकच गोष्ट तुझ्यावर सोपवली होती!”

“मी घट्ट लावलं होतं, बाबा. वहीत लिहिलंय.”

“वहीत लिहून पाणी येतं का?”

चिरंजीव एरव्हीं मुलांवर आवाज चढवीत नाहींत. परंतु सहा माणसांची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर होती, त्यांत एक सहा वर्षांचा आणि दोन म्हातारीं. ठकी रडली नाहीं. तिनें वही छातीशीं धरली, आणि ती आमच्याकडे पाहूं लागली. कारण रकाने आम्हीं आंखून दिले होते आणि हिशेब बरोबर असल्याचें आम्ही सांगूं अशी तिची खात्री असावी. आम्ही राहुटीची दोरी ताणण्याच्या मिषानें पाठमोरे झालों.

तें दुपारचें चार-पांच तास आम्हांस आजहि स्पष्ट आठवतात. मोटारीचें ताडपत्रीचें आच्छादन पसरून पावसाच्या शेवटच्या सरींतून सात-आठ लिटर पाणी धरलें, चहासारखें तांबूस. एकादशी असल्यामुळें भाताची पंचाईत नव्हती. राजगिऱ्याचे लाडू, खजूर व दाणे यांवर भागलें, आणि “बरं झालं, पिशवी परत नेलीस ती एकच,” असें सौभाग्यवती सूनबाईंस म्हणाल्या, तेव्हां सर्व हंसलीं. ठकी हंसली नाहीं. सांगावें असें आमच्या ओठावर अनेकदां आलें. परंतु सुनेसमोर, नातवंडांसमोर, आपल्याच मुलासमोर, ज्याला आपण खोटें बोलल्याबद्दल उभें केलें होतें त्याच्यासमोर, तोंड उघडेना. पाण्याची भीति त्या मानानें कांहींच नव्हती.

रात्रीं आजीनें नातवास अगस्तीची गोष्ट सांगितली: कालेय राक्षस समुद्रांत लपले, देव शरण आले, आणि ऋषींनीं सारा समुद्र एका आचमनांत पिऊन टाकला. अंथरुणांतून ठकीचा आवाज आला, “मग माशांच्या वाट्याचं पाणी किती उरलं?” आजीस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही कूस बदलली.

पहाटे संवयीनें जाग आली. बाहेर आलों तों आकाश निवळलें होतें. मोटारीच्या मागील बाजूस ठकी पांघरूण लपेटून बसली होती. तिच्यासमोर सहावा डबा, त्यांत तांबूस पावसाचें पाणी, झांकण घट्ट लावलेलें, आणि डबा आडवा करून कोरड्या कागदांच्या घडीवर ठेवलेला. हातांत विजेरी.

“आजोबा, रात्रभर ठेवलाय. कागद अजून कोरडा आहे. म्हणजे डबा गळत नाही आणि झाकणहि सैल होत नाही.” मग थोडें थांबून ती म्हणाली, “म्हणजे पाणी कुणीतरी घेतलं. पण मी असं बोलले तर बाबा अजूनच रागावतील.”

आमच्या नोकरींत याहून निर्दोष तपासणी आम्हीं पाहिलेली नाहीं.

आम्ही तिच्याशेजारीं ओल्या मातींतच बसलों, आणि सांगितलें. पुष्कळ बोलूं असें वाटलें होतें. बोललों तें दोन वाक्यें. ती आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरें वाटलें असतें. तिनें वही उघडली, विजेरी दांतांत धरली व विचारलें, “किती वेळा?”

“तीन.”

“प्रत्येक वेळी किती?”

“सहा लिटर.”

तिनें लिहिलें, बेरीज केली, वीसांतून वजा केली; आणि दोन उरल्यावर तिच्या चेहऱ्यावर जें समाधान पसरलें त्यांत आमचा विचारच नव्हता. मेळ बसला होता. आणि मग, एवढ्या वेळानें, ती रडली.

उजाडल्यावर सर्वांसमक्ष आम्हीं तीच दोन वाक्यें पुन्हां उच्चारलीं. सूनबाईंनीं मान खालीं घातली. सौभाग्यवती “अहो!” एवढेंच म्हणाल्या, परंतु पन्नास वर्षांच्या संसारांत त्या शब्दाचा तसा उच्चार आम्हीं ऐकला नव्हता. चिरंजीव आम्हांस कांहींच बोलले नाहींत. ते ठकीपाशीं गेले, गुडघ्यांवर बसले व म्हणाले, “माझं चुकलं. न तपासता बोललो.” त्यांच्या लहानपणीं एकदां देवघरांतील चांदीची वाटी हरवली होती; तिजबद्दल त्यांस आम्हीं दोन दिवस अबोला धरून शिक्षा केली, आणि पुढें ती वाटी उदबत्तीच्या डब्यामागें सांपडली. त्या वेळीं आम्ही असें कांहीं म्हणालों होतों काय? आठवून पाहिलें. म्हणालों नव्हतों.

त्या दिवशीं व दुसऱ्या दिवशीं आम्हीं मंत्रस्नान केलें. पाणी माणशीं मोजून मिळत होतें. आमचा पेला ठकी भरी, आणि तो इतरांच्याइतकाच भरी. तिसऱ्या दिवशीं दुपारीं वाऱ्यानें व उन्हानें माती वर वर वाळली. कुरणावरील एक मालमोटार आली. चालकानें एक डबा पाणी दिलें, आमच्या चाकांकडे पाहून मान हलविली, आणि रस्ता संध्याकाळपर्यंत उघडेल असें सांगितलें. पैसे घेतले नाहींत. पुढें नील्स नदीवरील ५७८ मीटर लांबीचा आल्जबकिनाचा रेल्वेपूल लागला, परंतु तो पाहण्याइतका उत्साह एकट्या नातवापाशींच शिल्लक होता. रात्रीं ऊडनाडाट्यास नळाखालीं हात धरून तो कितीतरी वेळ नुसताच उभा राहिला.

परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं ठकीनें वही आमच्या पुढें ठेवली. तिच्या शाळेंत ती दाखवावयाची होती, आणि शेवटचा रकाना कोरा होता. नोंदी अशा: “डबा ६. हॉकर येथें जमा २०. आजोबा, स्नान, ६. आजोबा, स्नान, ६. आजोबा, स्नान, ६. शिल्लक २.” शेऱ्यांत एक अक्षरहि नव्हतें.

“इथं तुम्ही काय लिहायचे कचेरीत?” तिनें विचारलें.

आम्हीं लेखणी घेतली, ‘तपासलें, बरोबर आहे’ असें लिहिलें, आणि खालीं सही केली.